एकोणिसाव्या शतकातील बॅले वेशभूषा

एकोणिसाव्या शतकातील बॅले वेशभूषा म्हणजे साधारणतः १८०० ते १९०० या काळात पॅरिस, लंडन, मिलान आणि सेंट पीटर्सबर्ग येथील रंगमंचांवर बॅले नर्तक-नर्तकींनी परिधान केलेल्या पोशाखांची परंपरा होय. या शंभर वर्षांत नर्तकीचा जड दरबारी झगा पूर्णपणे मागे पडला. प्रथम पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा तलम घागरा रूढ झाला आणि शतकाच्या अखेरीस गुडघ्याच्या वर राहणारा ताठ 'टूटू' प्रचारात आला. नृत्यतंत्र, वस्त्रोद्योग, रंगमंचावरील प्रकाशयोजना आणि प्रेक्षकांची अभिरुची या चारही घटकांचा या स्थित्यंतरावर प्रभाव पडला. मात्र तलम वस्त्र आणि उघडी ज्योत यांच्या सान्निध्यामुळे अनेक नर्तकींना प्राणही गमवावे लागले.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात नर्तकी कमरेच्या दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या सांगाड्यावर चढवलेले जड भरजरी झगे, उंच टाचांचे जोडे आणि केसांचे टोप वापरीत असत. चेहऱ्यावर मुखवटा लावण्याचीही प्रथा होती. मारी कामार्गो या नर्तकीने पायांची चपळ हालचाल दिसावी म्हणून घागऱ्याची लांबी कमी केली. मारी साले हिने १७३४ मध्ये लंडन येथे 'पिग्मालियन' या नृत्यनाट्यात सांगाडा वर्ज्य करून साधे मलमली वस्त्र नेसले. नृत्यरचनाकार झाँ-जॉर्ज नोव्हेर यांनी १७६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहात मुखवटे व अवजड पोशाख यांवर टीका केली.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर प्राचीन ग्रीक शिल्पांच्या धर्तीवरील हलक्या, उंच कमरेच्या वस्त्रांची फॅशन आली व ती रंगमंचावरही उतरली. अंगाच्या रंगाची तंग विजार आणि फितीने बांधायचे बिनटाचेचे मऊ जोडे याच सुमारास रूढ झाले. टाच गेल्यामुळे उडी व गिरकी सुकर झाली आणि पुढे बोटांच्या टोकांवर उभे राहण्याच्या तंत्राला वाट मोकळी झाली.

स्वच्छंदतावादी कालखंड

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरामध्ये 'ला सिल्फिद' हे बॅले प्रथम सादर झाले. फिलिपो ताल्योनी यांनी ते आपली कन्या मारी ताल्योनी हिच्यासाठी रचले होते. वनदेवतेच्या भूमिकेतील मारीच्या पोशाखात खांदे उघडे ठेवणारी तंग चोळी, पोटरीपर्यंतचा पांढरा तलम घागरा, पाठीवर लहान पंख आणि केसांत फुलांचा मुकुट होता. या पोशाखाच्या आराखड्याचे श्रेय परंपरेने चित्रकार यूजेन लामी यांना दिले जाते. कथानकातही वेशभूषेला महत्त्व आहे. मंतरलेले उपरणे अंगावर पडताच वनदेवतेचे पंख गळतात आणि तिचा अंत होतो.

२८ जून १८४१ रोजी सादर झालेल्या 'जिझेल'च्या दुसऱ्या अंकात संपूर्ण नर्तकीवृंद पांढऱ्या वेशात अवतरला. अशा प्रसंगांना 'शुभ्र बॅले' ही संज्ञा मिळाली. १८२० च्या दशकात पॅरिस ऑपेरामध्ये गॅसचे दिवे आले होते. त्यांच्या मंद करता येणाऱ्या प्रकाशात पांढऱ्या झिरझिरीत वस्त्राचे थर चांदण्यासारखे भासत, आणि नर्तकी जमिनीला न टेकता तरंगत असल्याचा आभास होई.

याच काळात निरनिराळ्या देशांच्या लोकवेशांचेही आकर्षण होते. फॅनी एल्सलर हिने १८३६ मध्ये 'काचुचा' या स्पॅनिश धर्तीच्या नृत्यात गुलाबी सॅटिनचा, काळ्या लेसने सजविलेला पोशाख वापरला. तो अतिशय लोकप्रिय झाला.

वस्त्रे आणि पादत्राणे

या पोशाखांसाठी मलमल, गॉझ, टार्लटन आणि ट्यूल ही वस्त्रे वापरली जात. टार्लटन हे विरळ विणीचे, खळ दिलेले सुती कापड असल्याने त्याचे थर फुगलेले राहत. ट्यूल म्हणजे बारीक जाळीचे वस्त्र. इंग्लंडमधील जॉन हीथकोट यांनी १८०८-०९ मध्ये अशी जाळी विणणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविल्यानंतर ते मुबलक मिळू लागले.

मारी ताल्योनीचे जोडे मऊ सॅटिनचे होते. आधारासाठी त्यांच्या कडा व टोके दोऱ्याने रफू केल्यासारखी शिवलेली असत. त्यामुळे बोटांच्या टोकांवर क्षणभरच तोल सांभाळता येई. शतकाच्या उत्तरार्धात इटालियन कारागिरांनी जोड्याचे टोक अधिक टणक केले आणि दीर्घकाळ तोल व अनेक गिरक्या शक्य झाल्या.

अग्निदुर्घटना

हवा खेळती राहणारे विरळ सुती वस्त्र क्षणार्धात पेट घेते. रंगमंचाच्या कडेला व पाखांमध्ये उघड्या ज्योतीचे दिवे असल्याने नर्तकी सतत धोक्यात असत. डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर हिचा घागरा पेटला व तीन दिवसांनी तिचे निधन झाले. सप्टेंबर १८६१ मध्ये फिलाडेल्फिया येथील काँटिनेंटल नाट्यगृहात लागलेल्या आगीत गेल भगिनींसह किमान सहा नर्तकी मृत्युमुखी पडल्या.

फ्रान्समध्ये १८५९ च्या शाही हुकुमाने रंगमंचावरील वस्त्रे ज्वालारोधक द्रावणात बुडविणे आवश्यक ठरविण्यात आले होते. कार्तेरों यांनी विकसित केलेल्या या प्रक्रियेमुळे कापड ताठर, निस्तेज व पिवळसर होई. म्हणून अनेक नर्तकींनी ती नाकारली. मारी ताल्योनीची शिष्या एमा लिव्ही हिनेही प्रक्रिया केलेला घागरा वापरण्यास नकार दिला होता. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी पॅरिस ऑपेरातील एका तालमीत, प्रवेशापूर्वी घागरा सारखा करीत असता तो गॅसच्या ज्योतीजवळ गेला आणि पेटला. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. दोनच वर्षांपूर्वी ताल्योनीने तिच्यासाठी रचलेल्या 'ले पापियाँ' या बॅलेत तिने मशालीच्या ज्योतीने पंख होरपळणाऱ्या फुलपाखराची भूमिका केली होती. तिच्या जळालेल्या पोशाखाचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात जतन केलेले आहेत.

या घटनांचा सर्व दोष नर्तकींच्या हट्टाला देणे न्याय्य ठरणार नाही. पांढऱ्या, हलक्या वस्त्राची अपेक्षा प्रेक्षक, समीक्षक व व्यवस्थापन या सर्वांचीच होती आणि नर्तकीचे यश त्या अपेक्षेवर अवलंबून होते. पुढे विजेच्या दिव्यांच्या प्रसारानंतर हा धोका बराच कमी झाला.

अभिजात टूटू

शतकाच्या उत्तरार्धात इटालियन नृत्यशाळांनी पदन्यास व गिरक्यांच्या कौशल्यावर भर दिला. संपूर्ण पाय दिसणे आवश्यक झाल्याने घागरा गुडघ्यापर्यंत व नंतर त्याहूनही वर गेला. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या व्हर्जिनिया झुक्की हिच्या आखूड घागऱ्याचा रशियन रंगभूमीवर प्रभाव पडला. १८९५ मध्ये 'स्वान लेक'मध्ये बत्तीस सलग गिरक्या घेणाऱ्या पिएरिना लेन्यानीचे कौशल्य लांब घागऱ्यात दिसूच शकले नसते. १८९० मधील 'स्लीपिंग ब्यूटी'चे पोशाख शाही नाट्यगृहांचे संचालक इव्हान व्सेव्होलोझ्स्की यांनी स्वतः रेखाटले होते.

चित्रकार एडगर देगा यांनी या वेशाची असंख्य चित्रे काढली. १८८१ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' या मेणाच्या शिल्पाला त्यांनी खऱ्या कापडाचा घागरा नेसविला होता.

भारतीय विषय आणि वेशभूषा

१८३८ मध्ये पुदुच्चेरी परिसरातील देवदासींच्या एका पथकाने पॅरिसमध्ये नृत्य सादर केले. कवी व समीक्षक तेओफिल गोतिए यांनी त्यांच्या वेशाचे व अलंकारांचे बारकाईने वर्णन केले. तरीही बॅलेमधील 'भारतीय' वेश बहुतांशी काल्पनिकच राहिला. १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे सादर झालेल्या मारियस पेटिपा यांच्या 'ला बायादेर'चे कथानक भारतात घडत असले, तरी त्यातील छायांच्या प्रसिद्ध प्रवेशाचा पेहराव शुभ्र युरोपीय धाटणीचाच आहे. 'बायादेर' हा फ्रेंच शब्द पोर्तुगीज 'बायलादेयरा', म्हणजे नर्तकी, या शब्दापासून आला आहे. गोव्यातील मंदिरांत नृत्य करणाऱ्या स्त्रियांसाठी पोर्तुगीज हाच शब्द वापरीत.

वारसा

कथानक कोणत्याही देशातले वा काळातले असो, प्रमुख नर्तकीने टूटूच घालावा या संकेताला विसाव्या शतकाच्या प्रारंभी मिखाईल फोकिन यांनी विरोध केला आणि विषयानुरूप वेशाचा आग्रह धरला. तथापि 'जिझेल' आजही पोटरीपर्यंतच्या घागऱ्यात आणि 'स्वान लेक' बहुधा आखूड टूटूमध्ये सादर होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील हे दोन्ही वेश अद्याप रंगमंचावर टिकून आहेत.