आटलेल्या सरोवराचा तळ

१८२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील रेड नदीच्या खोऱ्यातून जाताना विल्यम कीटिंग यांनी ताडले, की ही सपाट भूमी एका जुन्या सरोवराचा तळ असावी. पुढे १८७९ मध्ये वॉरन अपहॅम यांनी त्या सरोवराला हिमयुगाचे अभ्यासक लुई आगासी यांचे नाव दिले. मागे हटणाऱ्या हिमस्तराने उत्तरेची वाट अडवल्याने वितळलेले पाणी इथे साचत गेले. सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी तो बांध फुटला, सरोवर हडसन उपसागरात रिते झाले. उरली विनिपेगसारखी सरोवरे आणि गव्हाची सुपीक जमीन. नदी मात्र उत्तरेलाच वाहते. वसंतात दक्षिणेचा बर्फ आधी वितळतो, पुढचे पात्र गोठलेलेच असते. मग पाणी पसरते ते जुन्याच तळावर. १९९७ च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्स शहर रिकामे करावे लागले. सरोवर नाहीसे झाले, पण त्याची जागा पाण्याने अजून सोडलेली नाही.