जुन्या लाकडी मोटरबोटीचे मूल्यांकन

जुन्या लाकडी मोटरबोटीचे मूल्यांकन म्हणजे संग्राह्य ठरलेल्या छोट्या नौकेची स्थिती, अस्सलपणा आणि किंमत निश्चित करण्याची प्रक्रिया होय. अमेरिकेतील क्रिस-क्राफ्ट कंपनीच्या महोगनी नौका हे या क्षेत्रातील सर्वपरिचित उदाहरण आहे. मिशिगन राज्यातील अल्गोनॅक येथे ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ यांनी उभारलेल्या या व्यवसायाने १९२० च्या दशकापासून ‘रनअबाउट’ म्हणजे उघड्या, वेगवान सहलीच्या नौका मोठ्या संख्येने बांधल्या. पुढे फायबरग्लासचा प्रसार झाला आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी कंपनीची लाकडी बांधणी थांबली.

तळाची तपासणी

ग्राहकाची दृष्टी प्रथम व्हार्निशने चकाकणाऱ्या डेकवर जाते. परंतु दुरुस्तीच्या खर्चाचा मोठा भाग पाण्याखालील तळावर अवलंबून असतो. या रनअबाउटच्या तळाला सामान्यतः फळ्यांचे दोन थर असत व त्यांच्यामध्ये लेप दिलेले कॅनव्हासचे कापड असे. काही दशकांनी लेप कोरडा पडतो, कापड कुजते आणि स्क्रूंची पकड सुटते. थरांमध्ये मुरलेला ओलावा बाहेरून दिसत नाही. त्यामुळे परीक्षक टोच्याने लाकूड दाबून पाहतो व हलक्या हातोडीने ठोकतो. निकोप लाकडाचा आवाज खणखणीत, तर कुजलेल्याचा बद्द असतो. नाळेचा खालचा भाग, तळ व बाजू जुळतात तो कोन, मागची आडवी भिंत आणि इंजिनाखालचे आधार येथे विशेष लक्ष द्यावे लागते. खारे पाणी धातू खाते. लाकडाला मात्र डेकमधून झिरपणारे पावसाचे गोडे पाणीच अधिक घातक ठरते, ही गोष्ट नवख्या ग्राहकाला सहसा ठाऊक नसते.

एखाद-दुसरा स्क्रू काढून पाहणे हितावह असते. पितळेतील जस्त निघून गेले असल्यास तो गुलाबी व ठिसूळ दिसतो. व्हार्निशखाली फळ्यांच्या कडांना पडलेले काळे डाग पाणी शिरल्याचे निदर्शक असतात. कोरड्या पडलेल्या जुन्या तळातून नौका पाण्यात उतरवताच गळती होणे हा मात्र दोष नव्हे. फळ्या फुगल्यावर सांधे मिटतात. काही दिवसांनंतरही पंप सतत चालवावा लागत असेल, तर प्रश्न गंभीर समजावा. कापडाऐवजी पॉलियुरेथेन चिकटद्रव्य वापरून तळ नव्याने बांधला असल्याचे विक्रेता सांगत असेल, तर कामाच्या वेळची छायाचित्रे मागावीत. केवळ वरून रंगविलेला तळही नवाच दिसतो.

इंजिन

सिलिंडरांमधील दाब मोजतात आणि गोठलेल्या पाण्याने ब्लॉकला तडा गेला आहे का, ते पाहतात. मूळ इंजिन असल्यास किंमत वाढते.

ओळख व किंमत

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून नौकांना बारा अक्षर-अंकी ओळखक्रमांक बंधनकारक झाला. त्यापूर्वीच्या नौकांसाठी कारखान्याचा क्रमांक पाहावा लागतो. व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये क्रिस-क्राफ्टचे दप्तर जतन केलेले असून, त्यातील नोंदींशी नौकेचा क्रमांक व मूळ इंजिन ताडून पाहता येते. हल्ली जुन्या नमुन्यांच्या हुबेहूब प्रतिकृतीही बांधल्या जातात. त्यामुळे ही पडताळणी टाळू नये.

मूळ लाकूड राखलेली नौका आणि बहुतांश नव्या लाकडाने पुन्हा बांधलेली नौका यांत संग्राहक भेद करतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या ‘बॅरल बॅक’सारख्या गोलाकार पाठीच्या नमुन्यांना विशेष मागणी असते. जीर्णोद्धाराचा खर्च पुष्कळदा विक्रीमूल्याहून अधिक होतो. म्हणून जाहिरातीतील मागणीपेक्षा त्याच नमुन्याच्या नौका प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या हे पाहून, त्यातून तळाच्या दुरुस्तीचा अंदाजित खर्च वजा करण्याची पद्धत अधिक विश्वसनीय आहे.