तैनात की वतन

पावसाळा सरून विजयादशमी उजाडली, की शिवकालीन लष्कर छावणीतून मुलूखगिरीस निघे. परंतु निघण्यापूर्वी लहानथोर प्रत्येक शिपायापाशी कोणती चीजवस्त आहे याची यादी कारकून मांडून घेत, आणि लष्कर परतले म्हणजे तीच यादी पुढे ठेवून ज्याचा त्याचा झाडा घेतला जाई. यादीबाहेर जे निघे ते सरकारात जमा व्हावे किंवा त्याची किंमत तैनातीतून, म्हणजे पगारातून, वळती व्हावी, आणि त्याच वेळी ज्याने कस्त केली त्याला नावाजावे व ज्याने गैरवर्तन केले त्याची चौकशी करून शासन द्यावे, असा शिरस्ता कृष्णाजी अनंत सभासद याने 1697 साली जिंजी येथे लिहिलेल्या आपल्या बखरीत नोंदविला आहे. सरकारी कचेऱ्यांत पूर्वी वर्षाअखेरीस बंद लिफाफ्यातून जात असलेल्या गोपनीय अहवालापेक्षा हा प्रकार मला अधिक सरळ वाटतो, कारण येथे ज्याचा हिशेब तो समोर उभा असे.

या हिशेबाच्या मुळाशी जी उतरंड होती ती मोजकी होती. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. जुमलेदारास सालिना पाचशे होन, हजारीस हजार, पंचहजारीस दोन हजार. पंचवीस घोड्यांमागे पखालजी व नालबंदही नेमलेले असत. मात्र या सर्व व्यवस्थेत खरी मख्खी होती ती ही, की चाकरीचा मोबदला रोख तैनातीने अथवा सरकारी वरातीने मिळे, मुलूख तोडून सहसा मिळत नसे. अफजलखानाच्या प्रसंगानंतर जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिले गेले, आणि मेलेल्यांच्या निपुत्रिक बायकांना निम्मे वेतन करून दिले, असे सभासद सांगतो. मोबदला सढळ होता.

कामात कसूर झाली तर मुलाहिजा नसे. जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्यासाठी पद्मदुर्ग उभारण्याचे काम चालू असताना, दौलतखान व दर्यासारंग यांच्या आरमारास ऐवज व गल्ला पोचविण्याची जबाबदारी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्यावर होती, आणि ती त्याने पार पाडली नाही. 1675 सालच्या पत्रात शिवाजी महाराजांनी त्याची जी कानउघाडणी केली आहे तीत, हबशांनी तुला काही देऊन आपला चाकर केले काय, अशा आशयाचा जळजळीत प्रश्न आहे, आणि ब्राह्मण म्हणून तुझी गय होईल या भ्रमात राहू नकोस अशी समजही आहे. रसद वेळेवर न पोचणे हा महाराजांच्या लेखी केवळ आळस नव्हता. त्याचा परिणाम शत्रूच्या पथ्यावर पडत होता.

गडांवर तर विश्वासाचीही वाटणी केलेली असे: हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे सारख्या दर्जाचे, म्हणजे एकट्याच्या फितुरीने किल्ला जाऊ नये. 1715-16 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्य याच धोरणाला पुढे नेऊन सांगतात, की हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी आणि सबनीस-कारखाननीस पाच वर्षांनी बदलावे. मुदती वेगवेगळ्या ठेवण्यात, माझ्या समजुतीने, असा हेतू असावा की सगळे जुने एकदम जाऊ नयेत आणि सगळे नवे एकदम येऊ नयेत.

त्याच आज्ञापत्रात पंतांनी वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरी, म्हटले आहे आणि नवी वतने देऊ नयेत असे बजावले आहे. हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. राजाराम महाराज जिंजीस असताना, खजिना रिता व मोगल दारात अशा काळात, सरदारांना राखण्यासाठी इनामांची व सरंजामांची आश्वासने द्यावी लागली, आणि महाराष्ट्रातला कारभार तेव्हा हुकुमतपनाह म्हणून पंतच पाहत होते. तैनात द्यायला पैसा नव्हता. कर्तबगार माणसाला दाखवायला हाती जमीनच उरली होती. आज्ञापत्रातली ती कलमे वाचताना म्हणूनच एखाद्या वैद्याने स्वतःच दिलेल्या औषधाचा अपाय लिहून ठेवावा तसे वाटते. आणि अमात्यांच्या स्वतःच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली.