भंगारातला ट्रान्सॲक्सल आणि हातबनावटीची स्पोर्ट्स कार

हातबनावटीच्या स्पोर्ट्स कारचा इतिहास बहुधा बॉडीच्या रेषांपासून सुरू होतो आणि फार तर इंजिनाच्या अश्वशक्तीपर्यंत पोचतो. माझ्या मते तो ट्रान्सॲक्सलपासून सुरू व्हायला हवा, म्हणजे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच ओतीव पेटीत बसवलेल्या जोडभागापासून. बॉडी फायबरग्लासची घडवता येते, चासी नळ्या वेल्ड करून उभी राहते, इंजिन कुठल्याही मोटारीचे काढून आणता येते. पण इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवायचे ठरले की तिथून चाकांपर्यंत हातभरच जागा उरते, आणि लांब प्रोपेलर शाफ्ट व अखंड मागचा ॲक्सल तिथे मावत नाही. तिथे ट्रान्सॲक्सलच लागतो, आणि तो छोट्या वर्कशॉपात नव्याने घडवणे जवळपास अशक्य असते. गिअरचे दात कापणे, त्यांना पाणी देणे, क्राऊन-पिनियनची जोडी एकमेकींवर घासून जुळवणे ही कारखान्याची कामे. म्हणून हौशी कारागिराची गाडी कशी होणार, हे त्याच्या देशातल्या भंगारात कुठला ट्रान्सॲक्सल सापडतो त्यावर ठरते.

युरोपचा दाखला स्पष्ट आहे. 1934 साली आलेली सित्रोएनची ट्रॅक्शन आव्हां ही पुढच्या चाकांना ताकद देणारी घरगुती मोटार. तिचाच गिअरबॉक्स सुधारून इंग्लंडमधल्या कूपर कंपनीने आपल्या मागे इंजिन असलेल्या रेसिंग गाड्यांत बसवला. 1958च्या जानेवारीत अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने अशाच कूपरवर शर्यत जिंकली, आणि 1959 साली जॅक ब्रॅबहम जगज्जेता झाला. माइक ह्यूलंडने आपल्या रेसिंग गिअरबॉक्सचा धंदा फोक्सवॅगन बीटलच्या पेटीवर उभा केला. 1966च्या लोटस युरोपात रेनॉ 16चे इंजिन आणि गिअरबॉक्स उलटे फिरवून मागे बसवले गेले. तसे फिरवले की गाडीला एक पुढचा आणि चार मागचे गिअर मिळतात. म्हणून क्राऊन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूला न्यावे लागले. ज्यांच्या गाड्यांनी शर्यतींचे रूप पालटले, त्यांनीही सुरुवात बाजारच्या मोटारीचा भाग ओळखून आणि वळवून केली होती.

आता आपल्याकडे पाहू. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर, दोन्ही पुढे इंजिन आणि मागे अखंड ॲक्सलच्या. मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचे डिफरन्शियल चासीला पक्के होते, पण गिअरबॉक्स पुढेच. चोर बाजारात कितीही फिरले तरी मोटारीच्या कामाचा ट्रान्सॲक्सल सहजी मिळेल अशी स्थिती नव्हती. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती गेली आणि हे चित्र पालटले. तिचे 796 सीसीचे इंजिन आडवे आणि ट्रान्सॲक्सल त्याच्या कुशीला. मोडलेल्या मारुत्या भंगारात येऊ लागल्या आणि त्याच दशकाच्या अखेरीस कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी घडवली, एकासनी, इंजिन-गिअरबॉक्स मागे. हा योगायोग नव्हे. आज गोंदिया जिल्ह्यात बोदलकसा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून ज्या छोट्या मोटारी धावतात, त्यांतल्या बहुतेकींच्या बॉनेटखाली असाच ट्रान्सॲक्सल आहे; 1983च्या आधी तो मुंबईतही दुर्मीळ होता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींच्या 'मीरा'चा. त्यांनी 1949 सालीच आपली पहिली मोटार तयार केली आणि पुढची मीरा मागे इंजिन असलेली होती. खरे आहे, आणि या माणसाच्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे. पण सुधारणा करत करत दशके गेली तरी ती उत्पादनापर्यंत पोचली नाही. कल्पना होती, कौशल्य होते. दुसऱ्या कुणाला उचलून लगेच वापरता येईल असा तयार भाग बाजारात नव्हता. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. बजाजची मागे इंजिन असलेली रिक्षा 1977 पासून रस्त्यावर होती आणि तिच्यात ताकद एकाच आटोपशीर जुळणीतून मागच्या चाकांना जात होती. मग मारुतीची वाट का पाहायची? कारण ती जुळणी छोट्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी बेतलेली. मोटारीच्या इंजिनाचा पीळ तिच्या दातांना झेपला नसता. उलट 2007 पासून पिथमपूरला विद्यार्थ्यांनी घडवलेल्या गाड्यांची बाजा स्पर्धा भरू लागली तेव्हा इंजिन होते फक्त सुमारे 10 अश्वशक्तीचे, आणि कितीतरी संघांनी महिंद्रा अल्फा या तीनचाकीचाच गिअरबॉक्स पसंत केला. मोजमाप जुळले की रिक्षाचा भागही पुरतो.

हे मोजमाप कसे घ्यायचे, हीच या कसबाची खरी विद्या. पेटीवरचा ओतीव क्रमांक बहुधा कुटुंब सांगतो, आतले गुणोत्तर नाही. ते काढायला गिअर टाकायचा, एक चाक घट्ट धरायचे, दुसरे बरोबर दोन फेरे फिरवायचे आणि इनपुट शाफ्ट किती फेरे घेतो ते मोजायचे. तेवढे त्या गिअरचे एकूण गुणोत्तर. मग प्रश्न जोडणीचा. इंजिन परके असेल तर मध्ये ॲडॉप्टर प्लेट लागते, क्लच प्लेटच्या मधल्या स्प्लाइन गिअरबॉक्सच्या आणि बाहेरचा व्यास फ्लायव्हीलचा असा मेळ घालावा लागतो, आणि दोन्ही शाफ्टचा मध्य किंचितही सरकला तर बेअरिंग जाते. मारुतीच्या आडव्या जुळणीने यातले बरेच वाचवले. सगळा संच जसाच्या तसा मागे सरकवला की फिरण्याची दिशा तीच राहते. स्टिअरिंगचे टायरॉड चासीला बांधून चाके सरळ धरायची आणि गिअर बदलण्याची लांब केबल करायची, इतकेच मोठे काम उरते.

उसन्या भागांची गाडी अस्सल कशी, असेही कुणी विचारील. दिलीप छाब्रियांच्या डीसी अवंती या स्पोर्ट्स कारमागेही रेनॉचे दोन लिटरचे टर्बो इंजिन आणि सहा गिअरची पेटी होती, आणि लोटसनेही रेनॉकडेच हात पसरला होता. अस्सलपणा पाहायचा तो वजन कुठे ठेवले आणि चाके कशी धरली यात. खरी अडचण कायद्याची आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही, म्हणून असली बहुतेक मेहनत शर्यतीच्या धावपट्टीवर आणि महाविद्यालयांच्या वर्कशॉपांतच राहिली.