टिटवाळ्यातली एक भेट आणि २५ वर्षांनी आलेलं पुस्तक: अचानक भेटलेली माणसं लेखक कसा घडवतात?

जानेवारी १९४५. टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं होतं. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्याचे प्रमुख संयोजक. तिथे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली येऊन पोहोचले. त्यांच्यातला माह्या धांगडा बोलायला उभा राहिला आणि जमीनदारांकडे चालणाऱ्या वेठबिगारीबद्दल त्याने सांगितलं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबत राहत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत.

गोदावरीबाई कायद्याची पदवी घेतलेल्या, पुण्याच्या सुशिक्षित घरातल्या. या ओळखीनंतर त्या तलासरी-डहाणूच्या जंगलपट्टीत गेल्या. मे महिन्यात झरी गावात वारल्यांची परिषद झाली आणि वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. या सगळ्याची हकीकत सांगणारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आलं १९७० मध्ये, आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

भेट १९४५ची, पुस्तक १९७०चं. मध्ये २५ वर्षं गेली. योगायोगाच्या गोष्टी सांगताना लोक नेमका हाच भाग गाळतात.

भेटीतून नक्की काय मिळतं?

प्रत्येक वेळी वेगळं. गोदावरीबाईंना विषय मिळाला, खरं तर आयुष्यभराचं काम मिळालं; पुस्तक त्याच्या मागून आलं. कधी भेटीतून जागा मिळते. त्याच १९४५ मध्ये पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिराला गेल्या होत्या. तिथे त्यांची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाई बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू करायच्या तयारीत होत्या आणि त्यांना सहकारी हवी होती. लहानपणीच वैधव्य आलेल्या, तेव्हा पस्तिशीत असलेल्या अनुताई बोर्डीला आल्या, पुढे कोसबादला गेल्या आणि या भागातच राहिल्या. ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे त्यांच्या आत्मकथनाचं नावच त्या जागेचं आहे.

आणि कधी भेटीतून फक्त साधन मिळतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकलेच्या सरकारी कामासाठी डहाणूच्या पाड्यांवर फिरत होते. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात (वारली बोलण्यात चित्र ‘लिहिलं’ जातं), म्हणून ते त्या बायकांच्या शोधात होते. पण गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर त्यांना भेटले जिव्या सोमा मशे, म्हणजे रिवाजाबाहेर जाऊन चित्रं काढणारा एक पुरुष. त्यांच्या हाती कागद आला आणि भिंतीवरची चित्रं जगभर गेली. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. कुलकर्णींचं नाव मात्र आज फारसं कुणाला आठवत नाही. भेट घडवणाऱ्यांचं बहुतेक वेळा असंच होतं.

मग हे निव्वळ नशीब का?

अर्धं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. लोकांना नोकरी कुणाकडून कळते, हे त्यांनी तपासलं. त्यांना आढळलं, की उपयोगी बातमी बरेचदा जिवलग मित्राकडून येत नाही; क्वचित भेटणाऱ्या, जेमतेम ओळखीच्या माणसाकडून येते. कारण साधं आहे. जवळच्या मित्रांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळातून येतो. लिहिणाऱ्याच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. चार मित्रांच्या गप्पांत जे शब्द फिरतात, तेच पुन्हा कथेत उतरतात.

या हिशेबाने बोईसर-तारापूर ही लिहिणाऱ्यासाठी श्रीमंत जागा आहे. पुण्या-मुंबईत ओळखी नाहीत म्हणून इथला एखादा नवा लेखक खट्टू होत असेल, तर त्याने सकाळची डहाणू रोड-विरार लोकल आठवावी. वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा. एकाच डब्यात वाडवळी बोलणारी बाई, सातपाटीची मांगेली बोलणारी मासेवाली, एमआयडीसीतून रात्रपाळी करून निघालेला उत्तर प्रदेशचा कामगार. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. पुढे तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. गाव कसं उठतं हे स्वतः पाहिलेली माणसं याच भागात भेटतात.

अर्थात भेटीची संधी सगळ्यांना सारखी नसते. रात्री उशिरा कट्ट्यावर रेंगाळणं पुरुषाला जमतं. घरी परतून चूल सांभाळायची असलेल्या मुलीला नाही. आणि भेटलेला माणूस हा कच्चा मालही नव्हे. प्रवासात कुणी मन मोकळं केलं, तर ओळख पटेल अशा रीतीने ते जसंच्या तसं पोस्ट करणं ही सरळ दगाबाजी आहे. विचारावं, नाहीतर नाव-गाव बदलावं.

तयारी कशाला म्हणतात?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण बंगालमधलं आहे. मनोरंजन ब्यापारी हे फाळणीनंतर भारतात आलेल्या दलित निर्वासित कुटुंबातले. ते शाळेत गेले नाहीत. अक्षरं शिकले ती तुरुंगात. नंतर ते कोलकात्यात जादवपूरला सायकलरिक्षा ओढत आणि गिऱ्हाइकाची वाट पाहताना वाचत बसत. एका पुस्तकात त्यांना ‘जिजीविषा’ हा शब्द अडला. एक दिवस रिक्षात प्राध्यापिकेसारख्या दिसणाऱ्या बाई बसल्या. ब्यापारींनी त्यांनाच अर्थ विचारला. जगण्याची इच्छा, असं बाईंनी सांगितलं आणि हा शब्द कुठे वाचलास, असं उलट विचारलं. त्या महाश्वेता देवी होत्या. ‘बर्तिका’ या आपल्या नियतकालिकासाठी लिही, असं त्यांनी त्याला सांगितलं. रिक्षा ओढण्याच्या अनुभवावरचा त्यांचा लेख १९८१ मध्ये तिथे छापून आला.

महाश्वेता देवी त्या भागात कितीतरी रिक्षांत बसल्या असतील. अडलेला शब्द मनात धरून ठेवणारा रिक्षावाला एकच निघाला. लेख छापून आल्यावरही रोजची ददात संपली नाही. पोटासाठी ब्यापारींनी पुढे अनेक वर्षं मूकबधिर मुलांच्या शाळेत स्वयंपाक्याचं काम केलं आणि त्यातूनच वेळ काढून लिहिलं.