आजीचा टाळ आणि वीस वॉट

इंदूरकर मंडळी, आज आमच्या रामबागेतल्या घरची आवाजाची गोष्ट.

1955 साली इंदूरला आकाशवाणी सुरू झाली, तेव्हा आजोबांनी व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला. त्यात अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत; जोडी कारखान्यानंच जमवलेली. पुढं बाबांनी डेक, अँप्लिफायर, स्पीकर वेगवेगळे घेतले आणि आजीची भजनं टेप केली.

2003 मध्ये मला होम थिएटरची हौस आली. 100 वॉटचे स्पीकर आणले, अँप्लिफायर मात्र बाबांचाच, 20 वॉटचा. म्हटलं, एवढासा तो, स्पीकरला काय करणार? दिवाळीत सगळे जमले, आजीचं भजन फुल्ल आवाजात लावलं. थोड्या वेळानं आजीचा आवाज येतोय, पण टाळच गायब! ट्वीटर जळला होता.

महाराणी रोडवरचे मेकॅनिक काका हसले. "भिया, छोटा अँप्लिफायर ताणला की लहरींची टोकं कापली जातात. तीच कापाकापी नाजूक ट्वीटरला जाळते. आधी ओहम बघायचे. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 4 होतात, तेवढा भार झेपला पाहिजे. मग वॉट. आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज 3 डेसिबलच वाढतो, हे ध्यानात ठेवा."

ट्वीटर बदलला, 80 वॉटचा रिसीव्हर घेतला. आता आवाज मध्यम ठेवला तरी आजीचा टाळ स्वच्छ वाजतो.

तुमच्याकडे आहेत का अशा टेपा? लावण्याआधी जोडी मात्र जमवून घ्या.