सायन्स फिक्शन

अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन (१९३०–२०१५) यांची अग्रगामी जॅझमधील ध्वनिमुद्रिका. न्यूयॉर्क येथे सप्टेंबर १९७१ मध्ये मुद्रित होऊन कोलंबिया कंपनीतर्फे ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांनी तीत दोन गीते गायिली आहेत.

जॅझमधील गत ही स्वरमेळांच्या पूर्वनियोजित क्रमावर चालावी, हा दंडक कोलमन यांनी १९५९ च्या सुमारासच मोडीत काढला होता आणि पियानोस रजा देऊन सॅक्सोफोन, ट्रंपेट, बास व ड्रम एवढ्याच वाद्यांवर, प्रत्येक वादकास स्वतंत्र चालीची मुभा देणारी अशी चौकडी उभी केली होती. आशाबाईंना हिंदुस्थानी संगीताची तालीम मिळालेली. नृत्याच्या शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेस गेल्या आणि कोलंबियाचे जॉन हॅमंड यांच्या शिफारशीने कोलमन यांच्याकडे रुजू झाल्या. 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' व 'ऑल माय लाइफ' या गीतांत बिली हिगिन्स आणि एड ब्लॅकवेल हे दोन ड्रमवादक एकाच वेळी खळबळ माजवीत असता, आशाबाईंचा संथ, दीर्घ स्वर लयीच्या त्या धुमाळीत ज्या निश्चलतेने टिकून राहतो, ती केवळ स्वरमेळाच्या आधाराने गाणाऱ्या गळ्यास साधली असती, असे वाटत नाही. मुद्रिकेचा खरा ऐवज हाच. उलटपक्षी, कवितापठणात तान्ह्या मुलाचे रडणे मिसळणारे शीर्षकगीत आज थोडे कृत्रिम भासते.

'रॉक द क्लॉक' मध्ये ड्यूई रेडमन यांनी म्यूझेट हे दुहेरी पातीचे सुषिर वाद्य वाजविले आहे. कळवणकडच्या वरातींतून संबळ-पिपाणी ऐकत वाढलेल्या श्रोत्यास, इतरांना कर्कश वाटणारा हा नाद परका वाटू नये.

कोलमन यांच्या चौकडीचा साचा पुढे ज्यू संगीतासाठीही वापरला गेला. पूर्व युरोपीय ज्यूंच्या लग्नसमारंभांतील वाद्यसंगीतास क्लेझमर म्हणतात. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन झोर्न यांनी 'मसादा' चौकडी स्थापून १९९४ मध्ये 'अलेफ' ही पहिली मुद्रिका ध्वनिमुद्रित केली, तेव्हा वाद्यांची मांडणी कोलमन यांचीच ठेवून तीत ज्यू स्वरसप्तके आणली. त्यांपैकी क्लेझमरमध्ये फार वापरात असलेल्या एका सप्तकात ऋषभ, धैवत व निषाद कोमल आणि गांधार शुद्ध असतो. आपल्याकडील बसंतमुखारी रागाचे स्वर हेच होत. बेने इस्राएल या ज्यू समाजाशी परिचय असलेल्या महाराष्ट्रात या योगायोगाकडे कोणा संगीतज्ञाने सविस्तर पाहावयास हवे.

'सायन्स फिक्शन'च्या ध्वनिमुद्रणातून शिल्लक राहिलेल्या काही रचना कोलंबियाने 'ब्रोकन शॅडोज' या नावाने १९८२ मध्ये काढल्या. दोन्ही मुद्रिकांचा एकत्रित संच २००० मध्ये निघाला.